व्हाइटवॉटरसाठी वेगवान आणि चपळ ओपन कनू: कोणती घ्यावी?

नदीकाठ (अटलांटा)

नमस्कार मंडळी. इथे ट्रेकिंग, सायकल, पोहणं यांवर भरपूर धागे आहेत, पण खळाळत्या नदीत (व्हाइटवॉटरमध्ये) वल्हवणाऱ्यांचा एकही सापडला नाही. म्हणून हा काढतोय. अमेरिकेत, कॅनडात, यूकेमध्ये कुणी ना कुणी या नादाचं असणारच.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कयाक वरून बंद असते, तीत पाय लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन पाती असतात. ओपन कनू वरून उघडी. माणूस गुडघे टेकून बसतो आणि वल्ह्याला पातं एकच. त्या एका पात्याने सरळही जायचं, दोन्हीकडे वळायचंही.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या नॅन्टाहेला नदीवर शिकलो. सध्या क्लबची तेरा फुटी जुनी कनू वापरतो. सरळ छान जाते, कोरडी राहते. अडचण येते ती एडीत शिरताना. मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं, वरच्या दिशेला फिरतं आणि एक शांत तुकडा तयार होतो, ती एडी. तिथे थांबून श्वास घ्यायचा आणि पुढची वाट बघायची. माझी होडी एडीची रेष (मुख्य धार आणि एडी यांच्यामधली सीमा) ओलांडून वळेपर्यंत एडी निम्मी मागे पडलेली असते.

पुढच्या हंगामात टेनेसीतल्या ओकोई नदीचा मधला टप्पा करायचाय. तिथे एडी लहान आणि पाणी जोरकस. मला झटकन वेग घेणारी आणि कलवली की वळणारी होडी हवी आहे. वजन ७२ किलो, उंची ५ फूट ७ इंच, डावीकडून वल्हवतो. बजेट १५०० डॉलरपर्यंत, जुनी चालेल. नऊ फुटी नवी प्लास्टिकची की अकरा-बारा फुटी जुनी, इथे गाडी अडली आहे.

खळाळ (नॉक्सव्हिल)

स्वागत! तुमच्या वजनाला अकरा ते बारा फुटांमधली, चांगला रॉकर असलेली होडी बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉकर म्हणजे तळाची दोन्ही टोकांकडे वर जाणारी कमान. कमान जास्त तितकी टोकं पाण्यातून मोकळी, आणि होडी मधल्या भागावर गर्रकन फिरते.

पण फक्त कमान बघू नका, तळाची कड बघा. काही होड्यांचा तळ गोलसर असून तो हळूच भिंतीला मिळतो. काहींच्या तळाला बाजूंनी ठसठशीत कड असते. गोल तळाची होडी लाटांत सरकत जाते, चुका पोटात घालते. कडेची होडी कलवली की ती कड पाणी पकडते आणि होडी गोलाकार वळणात कापत जाते. सायकल वळणावर कलते आणि हँडल फारसं न फिरवता वळते, तसंच. नॅन्टाहेलावर तुमचा जो वेळ एडीच्या रेषेवर जातो तो इथे वाचेल.

कडेची किंमतही आहे. एडीतून मुख्य धारेत येताना प्रवाहाच्या वरच्या अंगाची कड खाली राहिली तर धार तिच्यावर चढते आणि क्षणात होडी पालथी करते. गोल तळ तिथे जरा सवलत देतो.

नावं घ्यायची तर डॅगर कंपनीची ‘ओकोई’ (साधारण ११ फुटी, ठसठशीत कड, नाव याच नदीवरून) आणि मॅड रिव्हरची ‘आउटरेज’ (१२ फुटी, गोलसर तळ, धावायला वेगवान). मोहॉकच्या ‘व्हायपर’ आणि ‘प्रोब’ही जुन्या बाजारात दिसतात. डॅगरचा कारखाना एके काळी इथेच टेनेसीत हॅरिमनला होता. त्यांनी कनू थांबवल्यावर ‘ओकोई’ काही काळ बेल कंपनीच्या नावाने निघत होती, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.

घनमीटर (पुणे)

मी वल्हवत नाही, पण प्रवाहशास्त्र हा रोजचा विषय असल्याने राहवलं नाही. वेग आणि चपळाई एकमेकांविरुद्ध ओढतात, त्याचं कारण साधं आहे. पाणी कापत जाणारी होडी पुढे आणि मागे एकेक लाट उठवते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी पाण्याला टेकलेल्या तळाएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या उतारावर मागे बसते. मग कितीही जोर लावा, तो लाट मोठी करण्यातच जातो.

ठोकताळा असा: पाण्यातल्या लांबीचं फुटांमधलं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये येतं (एक नॉट म्हणजे साधारण १.८५ किमी प्रतितास). १६ फुटांना साधारण ९.९ किमी प्रतितास, ११ फुटांना ८.२, ९ फुटांना ७.४. शिवाय कमान जास्त असलेल्या होडीची टोकं पाण्याबाहेर असतात, म्हणजे पाण्यातली लांबी आणखी कमी. तेव्हा नऊ फुटी, भरपूर कमानीची होडी सपाट पाण्यावर या आकड्याच्याही खालीच अडकणार. वळण्यासाठी जे करता त्याची वसुली वेगातून होते.

खळाळ (नॉक्सव्हिल)

@घनमीटर, फार उपयोगाचा प्रतिसाद. यात नदीवरची एक बाजू जोडतो. ओकोईवर कमाल वेगाने सलग धावायला जागाच मिळत नाही. तिथे लागतात ते तीन-चार जोरदार फटके: धार आडवी ओलांडायची, एडीची रेष फोडायची, थांबायचं. म्हणजे शून्यापासून वेग किती लवकर येतो आणि रेषेला धडकल्यावर तो किती टिकतो हे दोन प्रश्न. पहिल्यात हलकी, आखूड होडी जिंकते. दुसऱ्यात थोडी लांबी कामाला येते. अकरा-बारा फूट म्हणतो ते यासाठी.

मंद_वारा (नाशिक)

बाळबोध प्रश्न: इतकी कसरत करण्यापेक्षा कयाकच का नाही? पाणी आत येत नाही, दोन पाती आहेत.

मेपलपान (ओटावा)

@मंद_वारा, अजिबात बाळबोध नाही. कयाक बहुतेकांना लवकर जमते, आणि उलटली तर पुन्हा सुलट करणंही तीत सोपं. पण गुडघ्यांवर बसल्यावर डोळे बरेच उंच असतात, पुढचा रॅपिड (नदीचा खळाळता टप्पा) आधी दिसतो. पाणी आत येतं म्हणून आंधळेपणाने लाटांमधून घुसता येत नाही, कोरडी वाट शोधावी लागते. त्यामुळे नदी वाचायची सवय लागते, मला तीच आवडते. आणि एका पात्याने जमलेला फटका हातात जे समाधान देतो त्यासाठी मी सगळी कसरत आनंदाने करते.

@नदीकाठ, मी मॅडवास्का नदीवर शिकले. माझं सांगणं थोडं वेगळं आहे: होडीचं नाव ठरवण्याआधी आतली मांडणी ठरवा. तीच होडी, पण आतलं बसणं ढिलं असेल तर ती कलतच नाही, तुम्ही एकटेच कलता आणि पाण्यात जाता.

मध्ये फोमचं खोगीर, त्यावर बसून दोन्ही पाय मागे दुमडलेले. गुडघ्यांखाली जाड फोम, गुडघे शक्य तितके रुंद. मांड्यांवरून पट्टे, मागे पावलांना आधार. गुडघा उचलला की होडीची ती बाजू उचलली गेली पाहिजे, इतकं घट्ट. पण पट्टा एका ओढीत सुटलाच पाहिजे, आणि पावलं खोगिराखाली किंवा आधारात अडकता कामा नयेत. पालथी झाल्यावर बाहेर पडायला एका सेकंदाचा उशीरही खूप असतो. हे आधी शांत पाण्यात, शेजारी कुणी उभं असताना पुन्हा पुन्हा करून बघा.

खोगिराची उंची साधारण सात ते नऊ इंच. उंच खोगिरावर गुडघे आणि घोटे कमी दुखतात, वल्ह्याला पोच जास्त मिळते, पण शरीराचा भार वर गेल्याने होडी डुगडुगते. माझे घोटे आखडतात म्हणून मी उंचच ठेवते आणि डुगडुगणं सहन करते. हे दुसऱ्याच्या मापाने ठरवू नका.

पुढच्या-मागच्या मोकळ्या जागेत हवेच्या पिशव्या हव्यातच, वरून दोरीची जाळी घट्ट आवळलेली. पिशवीने व्यापलेल्या जागेत पाणी येत नाही. वीस लिटर पाणी आलं तर वीस किलो वजन वाढलं, इतकंच होत नाही. ते पाणी होडी कलेल त्या बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. अर्धी भरलेली होडी वेगवानही नसते आणि चपळही नसते, मग ती कुणीही बनवलेली असो. बऱ्याच जणांच्या होडीत आता १२ व्होल्टचा छोटा पंप असतो. ओकोईसाठी तो नक्की बसवा, कारण पाणी उपसायला तिथे एडीत फार वेळ मिळणार नाही.

वेल्सवारी (रेक्सहॅम)

मी आखूड होड्यांची बाजू मांडतो. आमच्या डी आणि ट्रवेरिन नद्या अरुंद, दगडाळ, एडी दोन होड्या मावतील एवढ्याच. इथे सिल्व्हरबर्चची ‘कोव्हर्ट’ बरीच दिसते, ९.३ आणि १०.५ अशा दोन मापांत. अमेरिकेत एस्किफची ‘लेज’ आणि ब्लॅकफ्लायच्या होड्या याच वळणाच्या. पूर्वीच्या आखूड होड्या टोकाने पाण्यात घुसायच्या. आताच्यांची टोकं फुगीर, भिंती बाहेर झुकलेल्या, त्यामुळे लाट बाजूला फेकली जाते. रुंद, सपाटसर तळामुळे नवख्यालाही भरवसा वाटतो. लाटेवर सर्फ करायला तर याच छान.

@घनमीटर यांचं गणित मान्य, वेग कमी पडतोच. पण दगडाळ नदीत मागचं टोक दगडाला न लागता होडी वळते याचा फायदा त्या आकड्यात दिसत नाही. आणि पॉलिएथिलीनच्या (प्लास्टिकच्या) होडीची फार काळजी करावी लागत नाही.

खळाळ (नॉक्सव्हिल)

ट्रवेरिनसाठी तुमची निवड बरोबरच आहे. माझा आक्षेप शिकण्याच्या टप्प्यावर आहे. नऊ फुटी स्थिर होडी एवढी सहज फिरते की माणूस फटका कच्चा असतानाही रॅपिड उतरून जातो. मग धार आडवी कापायची वेळ आली की नुसता फिरत राहतो, कारण पुढे नेणारा फटका कधी बसलेलाच नसतो.

अकरा फुटी, कमानीची होडी सरळ कशी जाते हे नदीकाठ यांना आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी वाटेल की होडी वेडी आहे. ती सरळ जात नाही, तिला मोठ्या वर्तुळात न्यायचं असतं. वल्ह्याच्या बाजूला किंचित कल द्यायचा, त्याच बाजूला वळणारं वर्तुळ सुरू करायचं. फटका होडीला उलट बाजूला ढकलतो, वर्तुळ तिला पुन्हा आत आणतं, दोन्ही एकमेकांना फेडतात. मग प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं सुकाणूसारखं धरून वेग मारावा लागत नाही. आखूड होडीत वेग टिकतो तो असा. तुम्ही डावखुरे वल्हवता, म्हणजे डावं वळण तुमचं घरचं. उजवीकडच्या एडीसाठी वल्हं पुढून पलीकडे नेऊन क्रॉस फटके मारावे लागतील. ते नॅन्टाहेलावरच पक्के करा, ओकोईवर पोचल्यावर नाही.

नदीकाठ (अटलांटा)

मंडळी, मनापासून आभार. मेपलपान यांचा प्रतिसाद छापून ठेवलाय. जुन्या होडीकडे कल झालाय. आता सांगा, रॉयलेक्सची होडी विकत घेताना काय तपासू? आणि हे रॉयलेक्स बंद झालं म्हणतात ते खरं का?

खळाळ (नॉक्सव्हिल)

खरं आहे. रॉयलेक्स म्हणजे थरांचा पत्रा: मध्ये फोम, त्याच्या दोन्ही अंगांना कडक एबीएस प्लास्टिक, बाहेरून व्हिनाइलची कातडी. दगडावर आपटून होडी दुमडली तरी पुष्कळदा पुन्हा आकारात येते, म्हणून तिचं एवढं प्रेम. ते बनवणारी स्पार्टेक कंपनी २०१३ मध्ये पॉलीवनने घेतली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. जगभरच्या कनू कंपन्या एकदम उघड्यावर आल्या. नंतर क्वेबेकच्या एस्किफने टी-फॉर्मेक्स नावाचा जवळपास तसाच पत्रा स्वतः तयार केला. पण ‘ओकोई’, ‘आउटरेज’ यांच्या रॉयलेक्स प्रती आता जुन्या बाजारातच. तिथेही चांगल्या प्रती दरवर्षी कमी होताहेत, म्हणून चांगली दिसली तर रेंगाळू नका.

तपासायला होडी उन्हात पालथी ठेवा. ओरखडे असणारच, त्यांना घाबरू नका. व्हिनाइल जाऊन खालचा एबीएस दिसत असेल तर रंग आणि इपॉक्सीने भागतं. एबीएसही जाऊन फोम उघडा पडला असेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या. टोकांना केव्हलारच्या (मजबूत कृत्रिम धाग्याच्या) ठिगळपट्ट्या असतील तर त्या नीट चिकटल्यात का बघा. जाडजूड, ओबडधोबड पट्टी पाण्याला अडते, वेगवान होडी घेऊन त्याचा काय उपयोग! मग अंगठ्याने तळ दाबत जा. एखादी जागा पोकळ, मऊ लागली तर थर सुटले आहेत.

होडीचा वरचा काठ लाकडी असेल तर स्क्रूच्या भोकांपासून खाली जाणाऱ्या बारीक चिरा शोधा. कडाक्याच्या थंडीत रॉयलेक्स आकसतं, लाकूड तेवढं आकसत नाही, आणि पत्रा फाटतो. तुमच्याकडे जॉर्जियात हा त्रास कमी, पण होडी उत्तरेकडून आलेली असेल तर बघाच. शेवटी मागे उभं राहून टोकापासून टोकापर्यंत नजर टाका. तळ मध्ये आत चेपलेला असेल तर कमानच बिघडली, आणि तुम्ही पैसे त्या कमानीचेच देताय.

कोलाडकर (रोहा)

धागा आवडीने वाचतोय. मी कुंडलिकेवर राफ्टिंगचं काम करतो. आमच्याकडे मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरतं आणि सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्ट निघतात. पाणी बंद झालं की काही तासांत तीच नदी दगडांची होते. ओकोईचंही असंच धरणावर चालतं का? आणि अशी कनू कुंडलिकेवर चालेल का?

खळाळ (नॉक्सव्हिल)

@कोलाडकर, अगदी तुमच्यासारखंच! ओकोईचं पाणी १९१३ पासून लाकडी कालव्याने डोंगराच्या अंगाने वीजघराकडे नेलं जायचं आणि नदीचं पात्र कोरडं पडायचं. १९७६ मध्ये कालवा दुरुस्तीसाठी बंद झाला, पाणी पात्रात आलं आणि लोकांच्या लक्षात आलं की खाली केवढे रॅपिड दडले होते. राफ्टिंगचा धंदा उभा राहिला. कालवा पुन्हा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा नदीसाठी पाणी मिळावं म्हणून भांडावं लागलं. आता ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पाणी सोडतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची स्लॅलम (टांगलेल्या खांबांमधून वल्हवत जायची शर्यत) याच नदीच्या वरच्या टप्प्यावर झाली.

कुंडलिकेचे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे रॅपिड या होडीला उत्तम शोभतील. सोडलेलं पाणी सलग वाहतं, त्यामुळे उलटल्यावर होडी लांब वाहून जाते. सोबत राफ्ट किंवा कयाक असावीच. आणि होडी सावलीत ठेवा, कोकणातलं ऊन व्हिनाइलला आणि हवेच्या पिशव्यांच्या शिवणीला खातं.

कोलाडकर (रोहा)

धन्यवाद दादा. आमच्या पोरांपैकी दोघे कयाकमध्ये तयार आहेत, त्यांना हा धागा दाखवतो. इकडे अशी होडी आली तर आधी एका पात्याचं वल्हं शिकवणारा माणूस शोधावा लागेल.

नदीकाठ (अटलांटा)

धागा वर काढतोय, कारण होडी घेतली!

क्लबमधल्या मित्रांमुळे नॅन्टाहेलावर एका सुट्टीत तीन होड्या चालवायला मिळाल्या: एक नऊ फुटी पॉलिएथिलीनची, एक ‘आउटरेज’, एक ‘ओकोई’. खळाळ यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे तिन्ही एकाच जागी चालवल्या. एकच एडी, आत शिरायचं, बाहेर यायचं, धार आडवी कापून पलीकडची एडी गाठायची.

नऊ फुटी होडीत पहिल्या मिनिटापासून निर्धास्त वाटलं, एडीत ती जागच्या जागी वळली. पण पलीकडे जाताना दरवेळी बरीच खाली वाहून गेलो. ‘आउटरेज’ने धार सर्वांत छान कापली, दोन फटक्यांनंतर ती आपणहून पुढे जात होती. एडीत मात्र तिला जरा मोठं वळण लागलं. ‘ओकोई’त सुरुवातीला गुडघे थरथरत होते. सरळ ठेवली तर अस्वस्थ, कलवून कडेवर ठेवली की एकदम शांत. एडीची रेष ओलांडताना डावा गुडघा दाबला आणि ती वल्हं जवळपास न हलवता आत वळून वरच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तेव्हाच ठरलं.

चट्टानूगाजवळ एका गृहस्थांकडे व्हिनाइल काठाची प्रत मिळाली. तळाला भरपूर ओरखडे, पण पोकळ जागा नाही, कमान शाबूत. पिशव्या आणि पंप धरून बजेटमध्ये बसलं. खोगीर आधीच्या मालकाच्या उंचीचं आहे, ते काढून नवं बसवतोय. दोन प्रश्न: खोगीर पुढे-मागे नेमकं कुठे चिकटवू? आणि होडीच्या टोकांच्या दोऱ्या किती लांब ठेवू?

मेपलपान (ओटावा)

अभिनंदन! डिंक लावायची घाई नको. खोगीर आधी पट्ट्यांनी आणि फोमच्या पाचरींनी तात्पुरतं अडकवा. शांत पाण्यात सगळ्या सामानासह बसा आणि काठावरून कुणाला तरी बघायला सांगा. होडी सपाट किंवा मागे किंचित जड असावी. पुढचं टोक दबलेलं असेल तर वळताना अडखळते आणि लाटेत घुसते. फार मागे बसलात तर पुढचं टोक वाऱ्यावर आणि धारेवर भरकटतं. अर्धा-अर्धा इंच सरकवून प्रत्येक वेळी तीच एडी घ्या. पंपाची बॅटरी कुठे बसणार तेही आधी ठरवा, तिचं वजन यात धरावं लागतं.

खळाळ (नॉक्सव्हिल)

फारच छान झालं! मेपलपान म्हणतात तसंच करा. दोऱ्या दोन्ही टोकांना होडीच्या लांबीएवढ्या, तरंगणाऱ्या, आणि टोकाला गाठ किंवा फास नको, तो दगडात अडकतो. दोरी पिशवीवरच्या रबरी पट्टीखाली घडी करून खोचा, ओढली की सुटली पाहिजे, पण एरवी पायाजवळ लोंबता कामा नये.

ओकोईवर पाण्यात उतरल्या उतरल्या ‘ग्रम्पीज’ हा रॅपिड येतो, अंग गरम व्हायला वेळच मिळत नाही. पहिल्या खेपेला तो सोडून थोडं खालून उतरलात तरी चालेल. त्याआधी कुठेतरी आरशासारख्या शांत पाण्यात दहा मिनिटं फेऱ्या मारून घ्या, दोन्ही बाजूंना कलवून बघा. शनिवारी राफ्टची फार गर्दी असते. पाणी सोडण्याचं वेळापत्रक बघून दुसरा एखादा दिवस ठरवा आणि मला कळवा, मी येतो सोबत.